वजनाची चिठ्ठी

परवा संध्याकाळी पोहे संपले म्हणून निजामपुऱ्यातल्या आमच्या जुन्या वाण्याच्या दुकानात गेलो. काका गल्ल्यावर होते, मुलगा आत पोत्यांपाशी. हा मुलगा माझा बी.कॉम.चा विद्यार्थी. मला पाहताच बाहेर आला.

"सर, दुकानाचं स्वतःचं ॲप काढायचंय. दीड लाख खर्च आहे. पप्पा नाही म्हणतात."

काका पोहे तोलता तोलता म्हणाले, "साहेब, तुम्हीच शिकवलं ना हे याला? दहा मिनिटांत घरपोच देणारे आले तेव्हापासून गिऱ्हाईक अर्धं झालं. आता उरलेला पैसा पण मोबाइलमध्येच घालू?"

शिकवले होते खरे. मायकेल पोर्टर आणि व्हिक्टर मिलर यांनी 1985 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये लिहिलेला लेख मी दर वर्षी वर्गात सांगतो. माहितीचा वापर ज्याला जमला, तो स्पर्धेत पुढे. मात्र त्याच मासिकात 2003 साली निकोलस कार यांनी उलटा सूर लावला होता, तो सांगायला तास पुरत नाही. विजेसारखे एकदा यंत्र सगळ्यांकडे आले की त्याचा फायदा कोणा एकाचा राहत नाही, असे त्यांचे म्हणणे. काकांच्या गल्ल्यावरचा क्यूआर कोडच बघा ना. यूपीआय 2016 मध्ये आले आणि आज शेजारच्या भाजीवालीकडेही तो कोड आहे. त्यामुळे काकांचे एक गिऱ्हाईकही वाढत नाही. नसता तर मात्र चार गिऱ्हाइके परत गेली असती!

मग फायदा होतो कुठे? आपल्या वडोदऱ्याहून आणंद चाळीसेक किलोमीटर. तिकडच्या गावात सकाळी दूधमंडळीवर जाऊन उभे राहावे. (सोसायटीला इकडे मंडळी म्हणतात.) पूर्वी दुधाचा नमुना बाटलीत काढून ठेवायचे, फॅट नंतर तपासायचे, आणि हिशेब व्हायला काही दिवस जायचे. तोवर मनात शंका. आता बाई कॅनमधले दूध ओतते, इलेक्ट्रॉनिक काटा वजन दाखवतो, चमचाभर नमुन्यावरून यंत्र फॅट सांगते आणि चिठ्ठी बाहेर येते. दूध किती, फॅट किती, रुपये किती. हे यंत्र खासगी व्यापाऱ्यालाही विकत मिळते. पण फॅटप्रमाणे भाव देण्याची रीत सहकारी डेअरीत यंत्राच्या आधीपासून होती. यंत्राने ती फक्त उघड्यावर आणली. काट्यावर अंगठा ठेवणाऱ्याला असा काटा परवडतच नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कोल्हापूरकडचे. 1998 साली वारणानगरच्या परिसरातल्या सुमारे सत्तर गावांत 'वायर्ड व्हिलेज' म्हणून संगणक बसले. योजनेची हवा मोठी होती. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी माहिती, सगळे गावात मिळणार होते. प्रत्यक्षात शेतकऱ्याला हवे होते एवढेच, की माझा ऊस किती टन भरला आणि माझ्या खात्यावर काय लागले. पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवून पाहिला. एसएमएस पाठवला की उत्तर एसएमएसनेच. काम भागले, तेही कमी खर्चात. मला या गोष्टीचे फार वाटते. आधी प्रश्न नीट कळला असता तर किती पैसा वाचला असता!

हे सगळे त्या पोरासमोर भाषणासारखे बोललो नाही, घाबरू नका. एवढेच विचारले, "ॲप काढून गिऱ्हाइकाला काय सांगणार आहेस, जे त्याला आज कळत नाही?" तो गप्प झाला. दहा मिनिटांत सामान पोचवण्याच्या शर्यतीत बाप-लेक हरणारच. पण कोणाकडे तुरीची डाळ किती लागते, कोणाकडे एकादशीला साबुदाणा जातो, कोणाचा पगार सात तारखेला होतो, हे काकांच्या डोक्यात आणि उधारीच्या लाल वहीत तीस वर्षे साठलेले आहे. त्याला दीड लाख पडलेले नाहीत.

"वही संगणकावर चढव," मी म्हटले. "एक्सेल तर येतंच तुला. बघ, गेल्या दिवाळीपासून कोण कोण यायचं बंद झालंय. मग पप्पांना फोन करायला लाव."

काका हसले. "फोन करू? लाज नाही वाटणार?"

"हालचाल विचारायला कसली लाज, काका!"

चार दिवसांनी मुलगा यादी घेऊन कॉलेजात आला. एकेचाळीस घरे. पुढे महिन्याला साधारण किती रुपयांचे सामान जायचे तेही लिहिलेले. काकांनी नऊ जणांना फोन केले होते, तिघे परत आले. ॲपचा विषय अजून मिटलेला नाही; तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू.

कागद परत देताना नजर वर गेली. चौथ्या ओळीत आमचे नाव होते.

"तुम्हाला फोन नाही केला पप्पांनी," तो खाली बघत म्हणाला. "म्हणाले, सरांना कसं विचारायचं."