गावच्या चर्चशाळेत काय शिकवतात
इंग्लंडच्या खेड्यात चर्चला लागून असलेली प्राथमिक शाळा बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातली असते. गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी चर्चची नॅशनल सोसायटी १८११ मध्ये स्थापन झाली. लोकनियुक्त मंडळांच्या शाळा त्यानंतर साठेक वर्षांनी, १८७० च्या कायद्याने आल्या. आज चर्चशाळांचा खर्च मुख्यतः सरकार करते. त्यामुळे अभ्यासक्रमाची उद्दिष्टे दोन ठिकाणांहून येतात: राष्ट्रीय अभ्यासक्रम आणि चर्च ऑफ इंग्लंडने २०१६ मध्ये मांडलेली शैक्षणिक भूमिका. शहाणपण, आशा, समाजभाव व माणसाची प्रतिष्ठा ही तिची चार सूत्रे. ऐकायला छान, वर्गात उतरवायला अवघड.

शाळा लहान असल्याने तिसरी-चौथीची मुले बऱ्याचदा एकाच खोलीत बसतात. रोमन ब्रिटन दरवर्षी शिकवले, तर चौथीतल्यांना तेच पुन्हा ऐकावे लागेल. म्हणून इतिहास-भूगोलाचे घटक दोन वर्षांच्या चक्रात फिरवतात. गणितात ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे एकाच फळ्यासमोर दोन इयत्तांचे दोन पाठ. स्थानिक इतिहासाला मात्र चर्चचे आवार हाताशी असते: थडग्यांवरची साले वाचून, वजाबाकी करून मुले गावकऱ्यांची वये काढू शकतात. एवढी सोय मोठ्या शहरी शाळेला क्वचितच मिळते.

रोजची सामूहिक उपासना कायद्याने बंधनकारक आहे. पालक आपल्या मुलाला तिच्यातून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून वगळू शकतात. पण दोन खोल्यांच्या शाळेत ते मूल तेवढा वेळ बसणार कुठे, हे मुख्याध्यापकांनाच ठरवावे लागते.