उन्हाळी सुट्टी, पावसाळी घर

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरभेटीला आपण अजूनही 'उन्हाळ्याची सुट्टी' म्हणतो. वस्तुतः ती उन्हाळ्यात येतच नाही. न्यू जर्सीतल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात, संयुक्त अरब अमिरातीतल्या जुलैच्या तोंडावर, आणि इंग्लंडमधल्या तर जुलै उतरणीला लागल्यावर. इकडे महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यालाच भरू लागतात. म्हणजे तिकडची मुले आजोळी पोहोचतात तेव्हा हापूस संपलेला असतो, गच्चीवरची वाळवणे डब्यांत गेलेली असतात, आणि ज्यांच्याबरोबर खेळायचे ती मामे-मावस भावंडे सकाळी सातच्या रिक्षाने शाळेला निघालेली असतात. सुट्टी तिकडची, ऋतू इकडचा.

मी १९९८ पासून न्यू जर्सीत राहतो आणि दर एक-दोन वर्षांनी सांगलीला येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हाही आम्ही 'सुट्टीवर'च होतो. गणपती मात्र बहुधा हुकतात. २०२५ साली ते २७ ऑगस्टला आले म्हणून निदान प्रतिष्ठापना तरी पदरात पडली. २०२६ सालचे गणपती अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरवर गेले, आणि तोवर तिकडच्या शाळा सुरू होतात.

हे गाऱ्हाणे नव्हे. स्वखुशीने परदेशी गेलेल्याने हापूस हुकल्याची तक्रार करू नये. पण या विसंगतीच्या मागे एक गंभीर गोष्ट आहे. घरभेट हा आपण मायेचा, खासगी विषय समजतो. ती कधी व्हायची, किती दिवसांची व्हायची, मुळात व्हायची की नाही, हे मात्र आता परक्या देशांची शाळांची वेळापत्रके, रजेचे कायदे, व्हिसाचे नियम आणि विमानांच्या वाटा ठरवू लागल्या आहेत. आणि याच अस्थिर भेटीच्या खुंटीला इकडच्या म्हाताऱ्या आईबापांचे अख्खे वर्ष टांगलेले असते. खुंटी डळमळीत आणि ओझे वाढते, अशी आजची स्थिती आहे.

रजेचा हिशेब

प्रथम रजेचे पाहू. अमेरिकेत पगारी वार्षिक रजा देण्याची सक्ती करणारा केंद्रीय कायदा नाही. मालक देईल ती रजा. बहुतेकांच्या वाट्याला दोन-तीन आठवडे येतात, आणि त्यातच आजारपण, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या, सगळे बसवायचे असते. ब्रिटनमध्ये वर्षाला २८ दिवस कायद्याने मिळतात, अमिरातींत ३० दिवस. त्यामुळे अमेरिकेतले कुटुंब एकत्र येते असे क्वचितच घडते. आई आणि मुले सहा आठवड्यांसाठी पुढे येतात, बाप शेवटच्या दोन आठवड्यांत येतो आणि सर्वांना घेऊन परततो. नवरा-बायको दोघांचीही आईवडिलांची घरे असतात. दोन आठवड्यांतून प्रवासाचे आणि झोपेचे चक्र जुळण्याचे दिवस वजा केले, उरलेल्याचे दोन घरांत भाग केले, की एकेका घराच्या वाट्याला चार-पाच दिवस येतात.

आखातातल्या आपल्या माणसांची कथा याच्या उलटी आहे. खेड, मंडणगड, चिपळूण, श्रीवर्धन या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिकडे जात आहेत. अमिरातींत कुटुंब नेण्यासाठी महिना किमान ४,००० दिरहॅम, किंवा मालकाने घर दिले असल्यास ३,००० दिरहॅम पगार लागतो. त्याखालच्याची बायको-मुले गावीच राहतात. तिथे नातवंडे आजीकडे जात नाहीत, बापच स्वतःच्या घरी पाहुणा म्हणून येतो. मुलांना शाळेत सोडतो, पावसाआधी कौले शाकारून घेतो आणि जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशस्थ भारतीयांनी देशात पाठवलेल्या पैशांपैकी २०.५ टक्के एकट्या महाराष्ट्रात आले; केरळचा वाटा १९.७ टक्के होता. पैसा असा नियमित येतो. माणसाच्या येण्याला मात्र असा नियम राहिलेला नाही.

व्हिसाचा शिक्का

तो का राहिला नाही, हे समजण्यासाठी अमेरिकी व्हिसाची एक खुबी लक्षात घ्यावी लागेल. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याची तिथे राहण्याची परवानगी वेगळी आणि पासपोर्टवरचा शिक्का वेगळा. शिक्क्याची मुदत संपली तरी परवानगी असेपर्यंत तिथे राहता येते, काम करता येते. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की नवा शिक्का मिळाल्याखेरीज परत शिरता येत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत हा शिक्का अमेरिकेतूनच टपालाने पासपोर्ट पाठवून नवा करून घेता येई. जुलै २००४ मध्ये ती सोय बंद झाली. २०२४ च्या आरंभी वीस हजार अर्जांपुरता तिचा पुन्हा प्रयोग झाला, तेवढाच. बाकीच्यांच्या लेखी आईला भेटणे आणि वकिलातीच्या दारात उभे राहणे ही एकाच प्रवासाची दोन टोके झाली.

२०२५ सालाने हा फास आवळला. २ सप्टेंबरपासून एच-१बीवाल्यांना मुलाखतीतून मिळणारी सूट गेली. ६ सप्टेंबरला अर्जदाराने आपल्या मायदेशातच किंवा राहत्या देशातच अर्ज करावा, असा नियम आला. १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावणारा अध्यक्षीय आदेश निघाला. तो २१ तारखेच्या मध्यरात्रीपासून अमलात यायचा होता, आणि कोणाला लागू, कोणाला नाही हे पहिल्या दिवशी कोणालाच नीट कळेना. कंपन्यांनी बाहेरगावी गेलेल्या नोकरांना चोवीस तासांत परत या, असे निरोप धाडले. सुटण्याच्या बेतातल्या विमानांतून माणसे उतरली. शुल्क फक्त नव्या अर्जांना आहे, हा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. २१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या होती आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना. त्या दोन दिवसांत किती घरांत पानावरून उठून मुलाने बॅग भरली असेल, याची कल्पना करावी.

त्यानंतर १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबियांच्या एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचे फर्मान निघाले, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धातल्या अनेक मुलाखती मार्च २०२६ आणि त्याच्याही पुढे ढकलल्या गेल्या. तीन आठवड्यांसाठी आलेली माणसे इकडे अडकून पडली; घरभाडे तिकडे, शाळा तिकडे, नोकरी तिकडे. हे पाहिल्यावर पुढच्या वर्षीचे तिकीट काढायला कोण धजेल? यावर 'ग्रीन कार्ड का घेत नाहीत' असे विचारणारे भेटतात. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत, आणि २०२४ च्या अमेरिकी आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या एच-१बी अर्जांपैकी ७१ टक्के भारतात जन्मलेल्यांचे होते. रांग दशकाहून लांब आहे. माणूस पंधरा वर्षे राहून, घर घेऊन, मुले वाढवूनही 'तात्पुरता'च राहतो.

आकाशाचीही तीच तऱ्हा. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली आणि उत्तर अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्या. २३ जूनला, ऐन मोसमात, कतारने आपले आकाश काही तास बंद केले आणि दोहामार्गे निघालेली कुटुंबे भलत्याच विमानतळांवर उतरली. माझ्या हाती आता ओसीआय कार्ड आहे, शिक्क्याची धास्ती मला नाही. पण माझ्यानंतर पंधरा-वीस वर्षांनी आलेल्या पिढीच्या घरी जूनचे बेत आता दबक्या आवाजात होतात.

साठवलेले वर्ष

आता दुसरे टोक पाहू. कारण खरी किंमत तिथे मोजली जाते. परदेशात मूल असलेल्या कोणत्याही घरी फेब्रुवारीत जावे. डोळ्याला कमी दिसते? 'जूनमध्ये तो येतोय, तेव्हा दाखवू.' बँकेत वारसाचे नाव लावायचे आहे? जूनमध्ये. स्वयंपाकघराची भिंत ओल धरते? जूनमध्ये. मृत्युपत्र, दागिन्यांची वाटणी, सातबाऱ्यावरची नोंद, गुडघ्याची शस्त्रक्रिया, सगळे जूनच्या नावे जमा होत राहते. म्हातारी माणसे वर्षभर जगतात ती जणू उधारीवर, आणि सहा आठवड्यांत सारी उधारी चुकती करायची असते.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना जानेवारीपासून जिना चढताना धाप लागत होती. त्यांनी जुलैपर्यंत कोणाला सांगितले नाही. मुलगा ह्यूस्टनहून यायचा होता. तो आला, त्यांना घेऊन मिरजेला गेला. डॉक्टरांनी विचारले, 'सहा महिने काय करत होतात?' मास्तर म्हणाले, 'वाट पाहत होतो.' त्यांची झडप वेळेत बदलली गेली, ते आज हिंडतात-फिरतात. पण त्या वर्षी मुलाचा शिक्का अडला असता तर?

हा 'तर' आता कल्पनेतला राहिलेला नाही. भेट रद्द झाली की तिच्याबरोबर मोतीबिंदू, वारसनाव आणि ओली भिंत ही सगळीच वर्षभर पुढे जातात. पंच्याहत्तरीच्या माणसाला एक वर्ष पुढे ढकलणे म्हणजे काय, हे सांगायला नको. दर दोन वर्षांनी सहा आठवडे हा हिशेब धरला, तर दहा वर्षांत पाच भेटी होतात, म्हणजे एकूण तीस आठवडे. या तीस आठवड्यांतले निम्मे बँकेच्या रांगेत आणि दवाखान्याच्या बाकावर जावेत, हे मला मान्य नाही.

यात आणखी एक माणूस असते, जिच्याविषयी आपण बोलत नाही. ती म्हणजे जवळ राहणारी बहीण, भाऊ, सून किंवा पुतण्या. अकरा महिने औषधे तीच आणते, रात्री-अपरात्री तीच धावते. जूनमध्ये विमानातून उतरलेला भाऊ मात्र दोन दिवसांत डॉक्टर बदलतो, कामवाल्या बाईंचा पगार दुप्पट करतो, 'तिकडे असे करतात' हे ऐकवतो आणि ऑगस्टमध्ये निघून जातो. मागे राहिलेली विस्कटलेली घडी तीच बसवते. अनेक घरांत भावंडांत जी अढी बसते, ती वाटणीच्या आधी या सहा आठवड्यांतच बसलेली असते.

मग करायचे काय? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ साली झाला. त्यात निर्वाह-खर्चाची तरतूद आहे, आणि जिल्ह्यागणिक निराधारांसाठी वृद्धाश्रमाची. या आईबापांना पैसा कमी नाही आणि ते निराधारही नाहीत. त्यांच्याजवळ फक्त माणूस नाही. कायद्याच्या चौकटीत हे दुःख बसत नाही. केरळने परदेशस्थांसाठी १९९६ मध्ये स्वतंत्र सरकारी खाते काढले. आपल्याकडे एवढा पैसा येत असूनही हा विषय ओटीवरच्या गप्पांच्या पुढे सरकत नाही. प्रशिक्षित परिचारक, घरी येणारा डॉक्टर, कागदपत्रांत मदत करणारा विश्वासू माणूस यांची सोय तालुक्याच्या गावी व्हायला हवी, आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी व नगरपालिकांनी त्यात लक्ष घालायला हवे.

सरकारची वाट न पाहताही बरेच करता येईल. वर्षाची तपासणी दिवाळीनंतर, मुलगा असो-नसो, व्हावी. तो डॉक्टरांशी फोनवर बोलू शकतो. मुखत्यारपत्र, वारसनावे, मृत्युपत्र ही कामे एका वर्षी बसून संपवावीत. जो जवळ राहतो त्याच्या हाती पैसा द्यावा, आणि पैशाबरोबर निर्णयाचा अधिकारही. दुरून येणाऱ्याने त्याला सल्ला विचारावा, हुकूम सोडू नये. आणि म्हाताऱ्यांनी 'जूनमध्ये बघू' हे वाक्य टाकून द्यावे.

एवढे झाले तर पावसाळी सुट्टीची गंमतही कळेल. भावंडे शाळेत असतात म्हणून तिकडून आलेली मुले दुपारभर आजीजवळच बसतात. बाहेर झड लागलेली, वीज गेलेली, हातातल्या यंत्राची बॅटरी उतरलेली. न्यू जर्सीच्या रविवारच्या मराठी शाळेत जी भाषा ती वाचायला शिकली, ती तिथे त्यांच्या कानांवर पडते: 'अरे लबाडा', 'पाय पुसून ये', 'भाकरी गरम आहे तोवर खा'. त्या दुपारी आजीला कोणत्याही कार्यालयात जायचे नसावे, एवढीच व्यवस्था आपण मोठ्यांनी करायची आहे.