हुशार म्हणजे नक्की कोण?

मित्रांनो, वर्गात हुशार कोण, असं विचारलं तर तुम्ही चटकन दोन-तीन नावं सांगाल. पहिल्या नंबरवाली, दुसऱ्या नंबरवाला आणि स्कॉलरशिप मिळालेला. बरं, मग बाकीचे? ते काय नुसते बाकं भरायला येतात?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ रेन्झुली यांनी याच प्रश्नावर खूप काम केलं. बुद्धीची चाचणी घ्यायची, वरची ३ ते ५ टक्के मुलं निवडायची आणि फक्त त्यांनाच खास शिक्षण द्यायचं, ही रीत त्यांना पटेना. मोठी कामगिरी केलेल्या माणसांवरचं संशोधन त्यांनी तपासलं. तेव्हा दिसलं, की ही माणसं चाचण्यांत काही दरवेळी सगळ्यांच्या वर नव्हती! मग १९७८ साली त्यांनी तीन वर्तुळांची कल्पना मांडली. एक वर्तुळ बऱ्यापैकी चांगल्या बुद्धीचं, दुसरं नव्या कल्पना सुचण्याचं आणि तिसरं चिकाटीचं. ही तीन वर्तुळं एकमेकांत मिसळतात, तिथे प्रतिभा दिसते. म्हणूनच ३-५ टक्क्यांऐवजी १५ ते २० टक्के मुलांना संधी द्या, असा आग्रह त्यांनी धरला.

आता ही संधी म्हणजे काय? हुशार मुलाला दहाऐवजी वीस गणितं घालणं? छे, ती तर शिक्षाच झाली! रेन्झुलींनी तीन पायऱ्या सुचवल्या. पहिली : पुस्तकात नसलेलं खूप काही बघायचं, ऐकायचं. दुसरी : नोंदी ठेवणं, माहिती शोधणं, मुलाखत घेणं अशी कामाची हत्यारं शिकायची. आणि तिसरी सगळ्यांत महत्त्वाची : आपल्याला खरोखर छळणारा एक प्रश्न घ्यायचा, तो स्वतः सोडवायचा आणि ज्यांना त्याचा उपयोग आहे, त्यांच्यापुढे उत्तर ठेवायचं. गुणांसाठी नाही हं!

आपल्याकडेही असे प्रयोग झाले आहेत. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेने उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवी ते दहावीच्या मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करायला बोलावलं. ठरलेला अभ्यासक्रम नाही की परीक्षा नाही. काय करायचं, ते मुलं आणि मार्गदर्शक मिळून ठरवत. ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर तर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तरासोबत सही मिळेल!

तेव्हा दोस्तांनो, कुठल्या परीक्षेत तुमची निवड झाली नसेल, तर ‘आपण ढ’ असा शिक्का स्वतःवर मारून घेऊ नका. त्या चाचणीने तीनपैकी फार तर एक वर्तुळ मोजलं. आणि निवड झाली असेल, तर फुशारूनही जाऊ नका. तुमची दोन वर्तुळं अजून मोजायची आहेत!

या आठवड्यात एक करून बघा. दोघं-तिघं मिळून एक प्रश्न निवडा. समजा, शाळेच्या वेळची एसटी रोज किती मिनिटं उशिरा येते? सहा दिवस नोंद करा, तक्ता काढा आणि कारणं विचारा कंडक्टरकाकांना, दुकानदाराला. मग तो तक्ता नेऊन द्या आगारप्रमुखांना. एसटी लगेच वेळेवर येईल असं नाही, पण नोंद कशी करायची आणि मोठ्यांपुढे मुद्दा कसा मांडायचा, हे तुम्हाला नक्की आलेलं असेल.

मग, कोणता प्रश्न घेताय?