कुलूप कपाटाला, शिक्षा लेकरांना

"हात लावू नको, पुस्तक फाटेल."

जिल्हा परिषदेच्या शाळांत फिरताना हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. पाण्याला हात लावू नको, असं ज्यांच्या पणजोबांना दरडावलं गेलं, त्यांचीच लेकरं त्या वर्गात बसलेली असतात. बुलढाणा जिल्ह्यात ऐपत असलेल्यांनी आपली पोरं केव्हाच इंग्रजी शाळेत हलवली. उरली ती मजुराची, वीटभट्टीवरची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. घरात पाठ्यपुस्तकाशिवाय छापील कागद नाही. त्यांनी वाचायचं कुठं?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय, वर्तमानपत्रं आणि गोष्टीची पुस्तकं सांगितली आहेत. समग्र शिक्षातून ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद आहे. म्हणजे पुस्तकं येतात, पण मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात जातात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, फोटोपुरती बाहेर निघतात.

गुरुजींची अडचण आम्हाला कळते. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते, पुस्तक हरवलं तर जाब त्यांनाच. पण जे पुस्तक कधीच फाटत नाही, ते कुणी वाचलेलंच नसतं! वर्गाच्या कोपऱ्यात दोरी बांधा, पहिलीच्या पोराचा हात पुरेल एवढ्या उंचीवर पुस्तकं लटकवा. खर्च तो काय? जळगाव जामोद, संग्रामपूरकडे सातपुड्याच्या पायथ्याला लेकरांची घरची बोलीच वेगळी. तिथं चित्रांची पुस्तकं आधी हवीत, म्हणजे पोरगं आपल्या बोलीत गोष्ट सांगेल आणि मग अक्षराकडे येईल.

आता आपल्याबद्दल. दीक्षाभूमीवरून आपण पिशव्या भरून ग्रंथ आणतो. त्यात सात वर्षांच्या पोरीला वाचता येईल असं एक तरी पुस्तक असतं का? केळुस्कर गुरुजींनी शाळकरी भीमरावाच्या हाती स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. आपण बुद्धाकडे वळलो ते त्या पुस्तकामुळे, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय. 'एक वही, एक पेन' अभियान आपण चालवलं, चांगलंच केलं. त्यात एक गोष्टीचं पुस्तक जोडायला काय हरकत आहे?

आणि कपाटाची किल्ली मागायला मोर्चा लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात. वस्तीतले आई-बाप त्यात फक्त सही-अंगठ्यापुरते बसतात, हे आधी थांबवा. पुढच्या सभेत दोन ठराव मांडा: पुस्तकं वर्गात उघडी राहतील, आणि वाचताना फाटलेल्या पुस्तकाची वसुली ना गुरुजींकडून होईल, ना लेकराकडून. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका.

जय भीम!