आधी माणूस शोधा, मग सुतार

हल्ली आयटीवाल्यांत कोंबड्या पाळायची टूम निघाली आहे. मुळशीकडे तुकडा घेतलेला असतो किंवा गावाला परसदार असतं. मग मंडळी व्हिडिओ बघतात. तो बहुतेक वेळा अमेरिकेतला: चहूबाजूंनी बंद लाकडी घर, छोटीशी खिडकी, चढायला शिडी. दिसतं झकास! पण ते डिझाइन बर्फासाठी आहे हो. आपल्याकडे मे महिना असतो.

कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. उकडलं की ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. पारा 40 वर, डोक्यावर तापलेला पत्रा आणि चारी बाजूंना प्लायवूड, म्हणजे एका दुपारीत कोंबड्या दगावू शकतात.

म्हणून माझं मत असं की नवशिक्याने पैसे दिसण्यावर घालू नयेत, जाळीवर घालावेत. हवा आत यावी आणि मुंगूस येऊ नये, ही दोन्ही कामं अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी करते. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून मिळते ती पातळ, षटकोनी भोकांची. ती कोंबडीला आत ठेवते, पण भटक्या कुत्र्याला थोपवत नाही. जाळी फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर खालून उकरून कोणीतरी येणारच.

बाकी हिशेब सोपा आहे. दर कोंबडीमागे 4 चौरस फूट जागा. बसायला आडवा वासा, त्यावर प्रत्येकीला 8-10 इंच. 3-4 कोंबड्यांत अंडी घालायला फूट बाय फूटची एक पेटी. पत्र्यावर झावळ्या. पावसासाठी उंच ओटा आणि पुढे काढलेलं छप्पर. बस्स!

कोणी म्हणेल, आजीच्या खुराड्याला कुठे होती असली जाळी? नसेल. पण आजी घरात होती! कोंबड्या दिवसभर परसात, आणि तिन्हीसांजेला ती मोजून आत घ्यायची. आपण सोमवार ते शुक्रवार शहरात. जाळी कितीही भक्कम घेतली तरी रोजचं पाणी आणि संध्याकाळचं दार ती बघत नाही.

खुराडं दोन-तीन वीकेंडमध्ये उभं राहतं. दार मात्र रोज लावावं लागतं. ते लावणारं माणूस आधी शोधा, सुतार नंतर. माणूस नसेल मिळत तर सरळ अंडी विकत घ्या, कोंबड्या दुवा देतील :)