चंद्राच्या डोळ्यातलं यान

फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या १९०२ सालच्या मूक विज्ञानपटात तोफेतून सुटलेलं यान थेट चंद्राच्या डोळ्यात रुततं. आजचा प्रेक्षक हसतो, पण नजर हटवत नाही. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ या मूकपटात भीमाकरवी कीचकाचा वध घडवला, तो इतका खरा वाटला की सेन्सॉरने दृश्यच कापायला लावलं. पौराणिक चित्रपटाचा विज्ञानपटाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. कथा निराळी, कबूल, करामत कॅमेऱ्याचीच. आज त्या करामतीनं कुणी फसणार नाही, हेही खरं. पण निव्वळ खरं भासू पाहणारी संगणकी दृश्यं दहा वर्षांत शिळी होतात. मेलिएसच्या रंगवलेल्या पडद्यावर कुंचल्याचा फटकारा अजून दिसतो, आणि पेंटरांच्या गावाला तो वेगळा दाखवावा लागत नाही.