देशोदेशींच्या गोष्टी : देवघरावरचा पहारा

प्रार्थनामंदिरें पाडणारे राजे इतिहासाला नवे नाहींत. परंतु धर्म म्हणून कांहीं नाहींच, असा राजाज्ञेनें निकाल लावणारा देश म्हणजे अल्बानिया. ग्रीसला लागून असलेलें हें लहानसें डोंगराळ राष्ट्र. प्रजेंत बहुसंख्य मुसलमान, बाकीचे ऑर्थोडॉक्स व कॅथलिक ख्रिस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें साम्यवादी पक्षाचें राज्य झालें व एनवर होजा सर्वाधिकारी बनला. हा स्वतः मुसलमान घराण्यांतला.

१९६७ च्या फेब्रुवारींत त्यानें धर्माविरुद्ध भाषण केलें आणि शाळांतील मुलांनाच या कामीं पुढें घातलें. वर्षभरांत दोन हजारांहून अधिक मशिदी, चर्चें व मठ बंद झाले. कोणाचें कोठार झालें, कोणाचें चित्रपटगृह. श्कोडर शहरांतील कॅथलिकांच्या मुख्य चर्चची तर व्यायामशाळा झाली! १९७६ च्या घटनेंत, राज्य कोणताही धर्म मानीत नाहीं, असें स्पष्ट नमूद केलें गेलें.

पण वाचकहो, इमारतींना कुलुपें घालणें सोपें; घराचें काय? सरकारची खरी अडचण तेथें होती. म्हणून १९७५ सालीं हुकूम निघाला कीं, राज्याच्या विचारसरणीशीं विसंगत नांवें लोकांनीं बदलावींत. आजोबांचें नांव नातवाला ठेवण्याची सोय राहिली नाहीं. रमजानांत व ईस्टरपूर्वीच्या उपासांत मुलांना मुद्दाम खाऊ देऊन कोण खात नाहीं तें पाहत, असें तेथील लोक सांगतात. आईनें घरीं हळूच शिकविलेली प्रार्थना मुलानें वर्गांत सहज म्हटली, तर सारें घर संकटांत! पुष्कळ आयांनीं त्यापेक्षां मौन पत्करलें. पोटच्या पोराशीं जपून बोलावें लागणें, याहून मोठी शिक्षा कोणती?

चार्वाकाचें मत ज्यास रुचेल त्यानें तें खुशाल बाळगावें. परंतु शिपायाच्या दंडुक्यानें शिकविलेली नास्तिकता हाही एक सक्तीचा धर्मच होय.

कलकत्त्याच्या मदर तेरेसा मूळच्या अल्बानियन कुळांतल्या. त्यांची आई व बहीण राजधानी तिराना येथें राहत. दोघींना देश सोडण्याची परवानगी मिळाली नाहीं. आई १९७२ त व बहीण १९७३ त वारली. लेकीचें पाऊल तेथें पडलें तें १९८९ सालीं, आईच्या थडग्यापाशीं.

होजा १९८५ मध्यें वारला होता. ४ नोव्हेंबर १९९० रोजीं श्कोडरच्या कबरस्तानांत, सव्वीस वर्षें तुरुंगांत काढलेले सिमोन युबानी या धर्मगुरूंनीं हजारोंच्या समोर उघड प्रार्थना चालविली. बारा दिवसांनीं त्याच शहरांतली जुनी ‘शिशाची मशीद’ पुन्हा उघडली.